मुक्या हार्ड डिस्कची नाडीपरीक्षा



तारापूरचें नांव निघालें कीं वीज आठवते. १९६९ सालीं भारतांतील पहिलें अणुवीजकेंद्र येथें सुरू झालें. त्या केंद्रांतून अतिउच्च दाबानें निघालेली वीज पायरीपायरीनें उतरत आपल्या घरीं २३० व्होल्टची होऊन येते. हा उतार घराच्या भिंतीपाशीं संपतो, असें आपणांस वाटतें. परंतु संगणकांतील हार्ड डिस्कच्या पाठीवर तळहातापेक्षांही लहान असा जो सर्किट बोर्ड असतो, त्यावर या उताराच्या अखेरच्या पायऱ्या असतात. त्यांतील एक ढासळली, तर काय करावें, हें आज पाहूं.

गेल्या पावसाळ्यांत बोईसरच्या औद्योगिक वसाहतींतील एक छोटे कारखानदार माझ्याकडे आले. यंत्रांच्या सुट्या भागांचीं बारा वर्षांचीं रेखाचित्रें त्यांनीं एकाच डिस्कमध्यें ठेविलीं होतीं, आणि ती डिस्क मुकी झाली होती. “बोर्ड जळला असेल, तर दुसऱ्या डिस्कचा काढून बसवा,” असें ते म्हणाले. मीं त्यांना थांबविलें. हल्लींच्या डिस्कांत प्रत्येक डिस्कचीं स्वतःचीं मोजमापें बहुधा बोर्डावरील एका लहानशा चिपमध्यें नोंदलेलीं असतात. ती नोंद न हलवितां परका बोर्ड बसविला, तर डिस्क कदाचित् फिरेल. पण आपलींच अक्षरें तिला वाचतां यावयाचीं नाहींत.

साडेतीन इंची डिस्कला १२ आणि ५ व्होल्ट असे दोन पुरवठे लागतात. १२ व्होल्ट मुख्यतः मोटार फिरवितात. ५ व्होल्टांतून बोर्डावरील दाबनियामक सुमारें ३.३ व्होल्ट, स्मृतिचिपसाठीं १.८ किंवा २.५ व्होल्ट, आणि मुख्य चिपच्या गाभ्यासाठीं एक-सव्वा व्होल्ट असे निरनिराळे दाब तयार करितात. आपल्या किनाऱ्यावरील वाडींत विहिरीचें पाणी पाटानें येऊन आळ्याआळ्यांत वांटलें जातें, तसाच हा प्रकार. झाड सुकलें, तर विहीर आटली, पाट फुटला, कीं आळ्यांत खेकड्यानें बीळ केलें, हें माळी क्रमानें पाहतो. आपणही तोच क्रम धरावा.

पहिली तपासणी वीज बंद ठेवून करावी. वीज जोडण्याच्या खांचेजवळ दोन संरक्षक डायोड असतात. चुकून १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला गेला, तर हे डायोड स्वतः जळून आंतील चिपा वांचवितात. मल्टिमीटरनें दोन्ही पुरवठ्यांचा ग्राउंडशीं रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य आला, तर प्रथम डायोडाचा संशय घ्यावा. डायोड उचलून पाहतां रोध पूर्ववत् झाला, तर दोष तेथेंच होता असें समजावें. मात्र संरक्षणावांचून डिस्क कायमची चालवूं नये.

आमच्या डिस्कचे डायोड धड होते. मग बोर्ड डिस्कपासून सोडविला. आंतील डोक्यांकडे जाणारे त्याचे संपर्कबिंदू खाऱ्या, दमट हवेनें काळवंडले होते. ते पेन्सिलीच्या खोडरबरानें पुसले. बोर्ड सुटा केल्याबरोबर एखाद्या दाबाचें शॉर्ट नाहींसें झालें असतें, तर दोष डिस्कच्या बंद पेटींत आहे असें ठरलें असतें, आणि ती पेटी घरीं उघडणें म्हणजे माहितीवर पाणी सोडणें होय.

त्यानंतर सुट्या बोर्डाला वीज देऊन प्रत्येक नियामकाच्या वेटोळ्यापाशीं दाब मोजला. ५ व्होल्ट येत होते, ३.३ होते; परंतु जेथें सव्वा व्होल्ट हवे, तेथें शून्य! येथें घाई झाली कीं निदान चुकतें. शून्य दाबाचीं कारणें तीन: नियामक मेला, त्याला चालू होण्याचा इशारा मिळाला नाहीं, किंवा पुढील चिप शॉर्ट होऊन सारा दाब गिळीत आहे. शेवटच्या प्रकारांत नियामक निर्दोष असतो. नवा बसविला, तरी तोही दबून जातो. म्हणून वीज पुन्हां बंद करून त्या वेटोळ्याचा ग्राउंडशीं रोध पाहिला. तो काहीं ओहम भरला. नवख्यास हें शॉर्ट वाटेल; परंतु गाभ्याच्या दाबावर इतका कमी रोध स्वाभाविक असूं शकतो. तशाच जातीचा एक चांगला बोर्ड शेजारीं ठेवून ताडून पाहिलें, तों आंकडा जुळला. इशाऱ्याच्या पायावर दाब होता. आतां नियामकच दोषी, यांत शंका उरली नाहीं.

भंगारांतील त्याच जातीच्या बोर्डावरचा नियामक काढून, गरम हवेच्या साह्यानें डाख वितळवून, तो बसविला. सव्वा व्होल्ट दिसले. बोर्ड डिस्कवर चढविला, तेव्हां ती हलकेंच घुमूं लागली. कारखानदारांनीं माझ्याकडे पाहिलें, पण बोलले कांहीं नाहीं. सारीं चित्रें उतरेपर्यंत आम्ही दोघेही जागचे हललों नाहीं.

ती डिस्क मात्र पुन्हां कामाला लावूं दिली नाहीं. चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर केल्या, आणि त्यांतील एक कारखान्याबाहेर, घरीं ठेवावयास सांगितली. नियामक बदलतां येतो. बारा वर्षांचें काम नव्यानें काढतां येत नाहीं.