तळ्यातील शेवाळ आणि खाद्यतेल

आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. त्यामुळे तेल देणारी नवी वनस्पती सापडल्याचे कळताच सर्वांचे लक्ष तिकडे वेधले जाते. तळी, खाड्या व समुद्र यांत वाढणारे सूक्ष्म शेवाळ ही अशीच एक वनस्पती होय. मग गावतळ्यावरील हिरव्या थरापासून तेल काढता येईल काय, असा प्रश्न शेतकऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

शेवाळात तेल कसे येते?

सूक्ष्म शेवाळाची प्रत्येक वनस्पती बहुधा एकाच पेशीची असते. सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड व पाण्यातील क्षार यांवर ती वाढते. पाण्यातील नत्र संपले की तिची वाढ मंदावते व ती तेल साठवू लागते. काही जातींत वाळलेल्या वजनाच्या २० ते ५० टक्के तेल आढळते. कोकण किनाऱ्यावर मिळणाऱ्या तारलीच्या तेलाचे मूळही तिने खाल्लेल्या अशा सूक्ष्म वनस्पतींतच आहे.

तथापि सर्व जाती सारख्या नसतात. लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यात आढळणाऱ्या स्पिरुलिनात प्रथिने विपुल असतात, परंतु तेल थोडे. बॉट्रिओकॉकस या जातीत तेलकट द्रव्य भरपूर असते; पण त्याचा बराचसा भाग खनिज तेलासारखा असल्याने ते खाण्याच्या उपयोगाचे नाही.

हिशेब काय सांगतो?

उघड्या हौदात दर चौरस मीटरला रोज १० ग्रॅम वाळलेले शेवाळ मिळाले, तर एका गुंठ्यातून रोज सुमारे १ किलो मिळेल. त्यात २० टक्के तेल धरल्यास ते २०० ग्रॅम होते. भुईमुगाचे हेक्टरी १५ क्विंटल उत्पन्न धरल्यास गुंठ्यातून साऱ्या हंगामात सुमारे ५ किलो तेल मिळते. यावरून शेवाळाचे आकर्षण ध्यानात येईल.

परंतु एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम शेवाळ असले, तर १ किलोसाठी २,००० लिटर पाणी गाळावे लागते. या पेशी इतक्या बारीक असतात की त्या फडक्यातून निघून जातात. पुढे वाळवणे, पेशी फोडणे व तेल शुद्ध करणे यांचा खर्च वेगळाच. अमेरिकेत १९७८ ते १९९६ या काळात इंधनासाठी नैसर्गिक पाण्यांतून शेवाळाचे ३,००० हून अधिक वाण गोळा करण्यात आले. तरीही ते इंधन खनिज तेलापेक्षा महागच ठरले. अर्भकांच्या दुधाच्या भुकटीत घालावयाचे शेवाळतेल मात्र आज तयार होते. त्यासाठी निवडक वाण बंद टाक्यांत साखरेवर वाढवितात. तळ्यातून मिळतो तो केवळ मूळ वाण.

धोका ओळखावा

तळ्यावरील हिरव्या थरात मायक्रोसिस्टिससारखे विषारी नील-हरित शेवाळ असू शकते. त्याचे विष यकृताला घातक असून पाणी उकळल्यानेही ते जात नाही. अशा पाण्याने जनावरे दगावल्याची उदाहरणे आहेत. शेवाळ विषारी आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तळ्यातील शेवाळ खाऊ नये, त्याचे तेल घरी काढू नये व असे पाणी जनावरांना पाजू नये. शेणखताचे व रासायनिक खतांचे पाणी तळ्यात जाऊ दिले नाही, तर शेवाळ कमी माजते.

कार्यकर्त्यांनी काय सांगावे?

“शेवाळ वाढवा, आम्ही विकत घेऊ” असे सांगून कोणी अनामत रक्कम मागू लागल्यास चार गोष्टी आधी विचाराव्यात: वाण कोणता, त्याची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली, अन्न परवाना आहे काय आणि खरेदीचा लेखी करार कोण करणार. समाधानकारक उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत.

शेवाळतेलाचे संशोधन चालू राहावे, हे योग्यच आहे. परंतु आज घरच्या तेलाचा भरवसा भुईमूग, करडई, तीळ व सोयाबीन यांवरच आहे. सुधारित बियाणे, बीजप्रक्रिया व वेळेवर पेरणी यांसाठी खर्च केलेला पैसा शेतकऱ्याच्या पदरात लवकर पडेल.