कीव नको, काम हवे!

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे महाराष्ट्रात सैनिकांची खाण म्हणून ओळखले जातात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जडला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच उघडली, हे या परंपरेला साजेसेच झाले. जो रणांगणावर पडतो, त्याचे स्मारक उभारताना हा मुलूख हात आखडता घेत नाही. परंतु जो घायाळ होऊन परत येतो आणि ज्याच्यापुढे उभे आयुष्य पसरलेले असते, त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर श्री. मुरलीकांत पेटकर यांच्या चरित्रात सापडते, आणि ते आपणां सर्वांस अंतर्मुख करणारे आहे.

श्री. पेटकर वाळवे तालुक्यातील पेठ गावचे. १९४४ साली ते जन्मले तेव्हा पेठ सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये तो भाग दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तालमीच्या मातीत वाढलेला हा तरुण सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात भरती झाला आणि मुष्टियोद्धा म्हणून नावारूपास आला. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून बसली आणि पाय निकामी झाले. ज्या शरीराच्या बळावर सारी उमेद उभी होती, तेच ऐन विशीत असे खिळून पडले.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. या उपचारामागे मोठा विचार होता. इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी दुसऱ्या महायुद्धात कणा दुखावलेल्या सैनिकांना अंथरुणावर पडू न देता खेळाला लावले आणि १९४८ साली त्यांचे सामने भरवले. आजच्या पॅरालिम्पिकचा उगम तेथेच आहे. विजय मर्चंट यांच्यासारख्या थोर क्रिकेटपटूच्या साहाय्याने श्री. पेटकर परदेशी स्पर्धांपर्यंत पोहोचले, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण होय. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवण्यासाठी देशाला त्यानंतर २००८ सालापर्यंत थांबावे लागले.

तथापि आमच्या मते या चरित्रातील मर्म पदकाहूनही निराळे आहे. पदकाचा जयघोष चार दिवस टिकतो. संसार रोज चालवावा लागतो. श्री. पेटकर यांनी आर्थिक मदतीऐवजी नोकरी मागितली, असे सांगतात. पुण्याच्या टेल्को कारखान्याने ती दिली आणि तेथे त्यांनी दीर्घकाळ चाकरी केली. वैद्यांनी प्राण वाचवले, पाण्याने उभारी दिली. पण मान ताठ ठेवून जगण्याचा अधिकार त्यांना मिळवून दिला तो नियमित कामाने आणि कष्टाच्या पगाराने.

आणि आपण काय केले? पद्मश्री त्यांच्या हाती पडली ती २०१८ साली, पराक्रमानंतर तब्बल ४६ वर्षांनी! अर्जुन पुरस्काराचा जीवनगौरव मिळण्यास जानेवारी २०२५ उजाडावा लागला. विस्मृतीचा हा दोष एकट्या सरकारच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. आपल्याच मुलखातील हा पराक्रम आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होता?

पुनर्वसनाच्या संस्था आपल्या दाराशी आहेत. जखमी सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज संस्था १९१७ पासून काम करीत आली आहे. खडकीचे पक्षाघातग्रस्त सैनिकांचे केंद्र १९७४ साली सुरू झाले. तेथे चाकांच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळणारे आणि तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे जवान घडले आहेत. परंतु केंद्र माणसाला तयार करील. त्याला सामावून घ्यायचे ते समाजाने. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी चार टक्के जागा राखल्या आहेत. त्या प्रामाणिकपणे भरल्या जाव्यात. आणि साखर कारखाने, सहकारी बँका व शिक्षणसंस्था यांचे जाळे असलेल्या या दोन जिल्ह्यांनी कायद्याच्या सक्तीची वाट न पाहता आपली दारे उघडावीत.

प्रजासत्ताकदिनी जवानाच्या गळ्यात हार घालणे सोपे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच जवान चाकांच्या खुर्चीवरून कचेरीच्या पायऱ्यांशी येतो, तेव्हा त्याला आत नेणारा उतार तेथे बांधलेला आहे की नाही, यावर आपल्या कृतज्ञतेची परीक्षा होते. या परीक्षेत सातारा-सांगलीने तरी नापास होऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.