मदीन्याच्या छत्र्यांमागचा विद्यार्थी

हज किंवा उमरा करून आलेल्या घरी गेलो की खजूर आणि जमजमसोबत मोबाइलमधले फोटोही पुढे येतात. त्यात मस्जिद-ए-नबवीच्या बाहेरच्या सहनातील छत्र्यांचा व्हिडिओ हमखास असतो. खांबासारख्या मिटलेल्या छत्र्या हळूहळू फुलासारख्या उमलतात आणि काही मिनिटांत सगळ्या सहनावर सावली धरतात. ती सावली हजारोंच्या डोक्यावर आली, पण ती आखणारा माणूस आपल्या घरांत फारसा कोणाला ठाऊक नाही.

त्यांचे नाव महमूद बोडो राश. जन्म १९४३ चा, जर्मनीतील श्टुटगार्टचा. तेथील विद्यापीठात आर्किटेक्चर शिकताना त्यांना गुरू मिळाले ते फ्राय ओट्टो. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक असलेले ओट्टो फ्रान्समध्ये युद्धकैदी झाले आणि छावणीत हाताशी असेल तेवढ्याच सामानात बांधकाम करायला शिकले. कमीत कमी सामानात जास्तीत जास्त आसरा कसा द्यायचा, हा प्रश्न मग जन्मभर त्यांच्या मागे राहिला. उत्तरासाठी ते निसर्गाकडे वळले. जीवशास्त्रज्ञांना सोबत घेऊन त्यांनी समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाची कवचे अभ्यासली, झाडाच्या फांद्या वजन कसे वाटून घेतात ते पाहिले. १९६४ मध्ये त्यांनी श्टुटगार्टला हलक्या बांधकामांची संस्था काढली, तिची इमारतही एक तंबूच होता!

या संस्थेतला एक प्रयोग आपल्या मुलांना घरी करता येईल. तारेची बांगडी करा आणि तिच्या मध्ये दोऱ्याचा एक सैल फास बांधा. साबणाच्या पाण्यात बुडवून काढा. पापुद्र्यावर दोरा वेडावाकडा पडलेला दिसेल. आता फासाच्या आतला पापुद्रा कोरड्या बोटाने फोडा. दोरा क्षणात नीट गोल होतो. साबणाचा पापुद्रा स्वतःला लहानात लहान करू पाहतो आणि सगळीकडून सारखा ओढतो, म्हणून असे होते. ज्या छताचा आकार असा मिळतो, त्याच्या कापडावर कुठे सुरकुती नसते, कुठे जास्त ताण नसतो आणि ते वाऱ्यात फडफडत नाही. ओट्टो अशा पापुद्र्यांचे फोटो काढून, मोजमापे घेऊन तंबू आखत. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिम्पिक मैदानावरचे छत याच विचारातून आले.

राश हे सगळे शिकले आणि सत्तरच्या दशकात त्यांची पावले हजकडे वळली. त्याच काळात त्यांनी इस्लाम स्वीकारला. सामी अंगावी यांनी जेद्दा येथे १९७५ मध्ये सुरू केलेल्या हज संशोधन केंद्राशी त्यांचे काम जोडले गेले. डॉक्टरेटसाठी त्यांनी घेतलेला विषय होता हजमधील तंबूंची शहरे. १९८० मध्ये तो प्रबंध प्रसिद्ध झाला. एखाद्या विद्यार्थ्याने केवढा मोठा प्रश्न हाती घ्यावा! मिना वर्षातले काही दिवस जगते आणि मग रिकामी होते. तिथे काँक्रीटच्या इमारती उभ्या करायच्या की तंबू, हा नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हता. १५ एप्रिल १९९७ रोजी मिनात आग लागली आणि ३४३ हाजी मृत्युमुखी पडले. आपल्याकडच्या हाजींच्या घरांना त्या दिवसांची धाकधूक अजून आठवत असेल. त्यानंतर तिथे टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाचे, आग न पकडणारे तंबू आले. आम्हाला वाटते, तंबू चुकीचा नव्हता, कापड चुकीचे होते.

राश यांनी मदीन्यात आधी मस्जिद-ए-कुबाच्या अंगणावर उघडझाप होणारे छत केले. मग १९९२ मध्ये मस्जिद-ए-नबवीच्या आतल्या दोन अंगणांत बारा छत्र्या आल्या, प्रत्येकी १७ बाय १८ मीटरच्या. बाहेरच्या सहनातल्या सुमारे अडीचशे मोठ्या छत्र्या त्यानंतरच्या, २०१०-११ च्या सुमाराच्या.

त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. आपली छत्री मध्ये उंच आणि कडेला उतरती असते, ही उलटी आहे. कापड खांबाजवळ खाली आणि कडेला वर, म्हणजे नरसाळ्यासारखे. पाऊस आला की पाणी मधल्या खांबातून खाली जाते, सहनात शिंतोडा नाही. आतल्या अंगणांतल्या छत्र्या तर ऋतूप्रमाणे वागतात. उन्हाळ्यात दिवसा उघड्या राहून ऊन अडवतात आणि रात्री मिटतात, म्हणजे फरशीत साठलेली उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून जाते. थंडीत याच्या उलट: दिवसा मिटून ऊन आत येऊ देतात, रात्री उघडून ऊब धरून ठेवतात. पान मिटते-उघडते त्यातलाच हा शहाणपणा, फक्त मोटारीवर चालणारा.

आपल्या घरांत मुलगी तारा वाकवून, पुठ्ठे कापून काही करू लागली की 'पसारा आवर' हे पहिले वाक्य असते. आर्किटेक्ट व्हायचे म्हटले तर कोणी वास्तुशास्त्र समजून घराचे दार कोणत्या दिशेला असावे ते विचारतात! हा पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, बारावीला गणित लागते आणि 'नाटा' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबईत जे. जे. आणि वांद्र्याचे रिझवी कॉलेज, नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर संकुल, ही नावे चौकशीसाठी पुरेशी आहेत. फी आणि शिष्यवृत्तीची चौकशी मात्र अकरावीतच करून ठेवावी, आणि मॉडेल बनवायच्या सामानाचा खर्च फीमध्ये धरलेला नसतो हेही लक्षात ठेवावे.