नव्या संगीत नाटकाची जडणघडण आणि तिला द्यावयाचे साहाय्य

मराठी संगीत नाटकाच्या उत्कर्षापकर्षाची चर्चा बहुधा गायक नटांच्या अनुषंगाने होत आली आहे. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ ही नावे घ्यावयाची आणि तसे गळे आता राहिले नाहीत, असा निष्कर्ष काढावयाचा, ही तिची रूढ पद्धती होय. या निष्कर्षात तथ्य नाही असे नाही. परंतु त्यामुळे एक मूलगामी प्रश्न झाकला जातो. गळा लागतो तो प्रयोगाला. नव्या संहितेला त्याआधी दुसरेच काही लागते. ते काय, आणि ते आज कोणी पुरवावयाचे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम नाट्यपदाच्या भाषिक स्वरूपाकडे पाहणे आवश्यक आहे. मराठी बोलण्यात शब्दान्तीचा 'अ' सामान्यतः लोप पावतो. 'घर', 'मन', 'काळ' हे शब्द लिहिताना दोन अक्षरांचे दिसले, तरी उच्चारात एकाच स्वराचे असतात. गाताना मात्र हा लुप्त 'अ' परत येतो व शब्दाचे दोन अवयव होतात. 'बरसत' या शब्दाचे बोलताना दोन अवयव पडतात, गाताना चार. म्हणजे गद्य संवादातून पदात शिरताना नट केवळ स्वर बदलतो असे नव्हे. भाषेचे मोजमापच बदलते. दुसरी अडचण प्रत्ययांची. मराठीत अर्थाचा भार शब्दाच्या मूळ अंगावर असतो आणि शब्दाचा शेवट 'ने', 'ला', 'च्या' अशा प्रत्ययांनी होतो. तालाची सम नेमकी प्रत्ययावर आली, तर चाल मधुर असूनही ओळ अर्थाच्या दृष्टीने लंगडी पडते. शब्दक्रम बऱ्याच अंशी लवचीक असल्याने कवीला यातून वाट काढता येते. परंतु सम कोठे येते हे कागदावर कळत नाही. ते पेटी-तबल्यासह, नटाच्या तोंडून पद ऐकल्यावरच कळते. कवी, संगीतदिग्दर्शक आणि नट यांनी दीर्घ काळ एकत्र बसणे ही म्हणूनच चैन नसून या नाट्यप्रकाराची रचनात्मक गरज आहे.

पूर्वीच्या नाटक मंडळ्यांनी ही गरज भागविली. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, तो पहिल्या चार अंकांचा होता. सातही अंक पुढे रंगभूमीवर आले. 'सौभद्रा'चेही तसेच झाले. १८८२ च्या नोव्हेंबरात त्याचे तीन अंक झाले व संपूर्ण नाटक पुढील वर्षी उभे राहिले. अपुरी कृती रसिकांपुढे ठेवावयाची, तिचा परिणाम पाहावयाचा आणि मग पुढचा भाग सिद्ध करावयाचा, ही पद्धती मराठी संगीत रंगभूमीच्या जन्मकाळीच अस्तित्वात होती. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, ओवी यांसारखी परिचित छंदोरूपे आणि कीर्तनातील चाली घेतल्या. बाळकोबा नाटेकर व मोरोबा वाघोलीकर यांच्यासारखे गाणारे नट हाताशी असल्यामुळे कोणते पद कोणाला पेलेल हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

'मानापमाना'च्या वेळी (१९११) संबंध उलटा झाला. गोविंदराव टेंबे यांनी चाली द्यावयाच्या आणि त्यांवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी शब्द बसवावयाचे, अशी व्यवस्था होती. 'कीचकवधा'सारखी गद्य नाटके लिहिणाऱ्या खाडिलकरांचे हे पहिलेच संगीत नाटक. पुढे 'स्वयंवरा'ला (१९१६) भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाचे साहाय्य लाभले. चाल आधी की शब्द आधी, हा वाद येथे गौण ठरतो. महत्त्वाचे हे की, दोन्ही पद्धतींत मंडळी हीच कार्यशाळा होती. तेथे नटांना वेतन होते, साथीदार घरचे होते आणि रोज तालीम होती. नव्या नाटकाच्या घडणीचा खर्च जुन्या नाटकाच्या उत्पन्नातून परस्पर निघे. असा खर्च होत आहे याची वेगळी नोंदही कोणाला करावी लागत नसे.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत फिरत्या मंडळ्यांचा आर्थिक पाया ढासळला. मंडळ्यांबरोबर ही अघोषित कार्यशाळाही संपली. १९६० नंतर संगीत नाटकाला पुन्हा बहर आला, त्याचे कारण काही संस्थांनी हे कार्य आपल्याकडे घेतले, हे होय. 'ललितकलादर्श'ने विद्याधर गोखले यांचे 'पंडितराज जगन्नाथ' वसंत देसाई यांच्या संगीतासह १९६० मध्ये आणले. गोवा हिंदू असोसिएशनने १९६४ मध्ये वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' सादर केले व त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांच्याकडे सोपविले. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकर, अभिषेकी आणि वसंतराव देशपांडे हे एकत्र आले. मोठा गळा येथे होताच. परंतु त्या गळ्यासाठी नवी संहिता आणि नवी चाल घडविणारी योजनाही होती.

आज साहाय्याची साधने नाहीत असे नाही. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालत आली असून संगीत नाटकांसाठी स्वतंत्र स्पर्धाही होते. तथापि स्पर्धेचे स्वरूपच असे आहे की, तिचे पारितोषिक प्रयोगानंतर मिळते. ज्या अवस्थेत पद मोडते आणि पुन्हा जुळते, त्या अवस्थेपर्यंत ते पोहोचत नाही. शिवाय स्पर्धक संस्थेला मान्यता पावलेले जुने नाटक घेणे अधिक निर्धोक वाटते; त्यात नव्या चालीचा प्रश्नच उद्भवत नाही. पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने १९८५ ते १९९४ या काळात नाटककारांच्या विकासाची योजना राबविली. साहाय्य प्रयोगाआधी, लेखनाच्या टप्प्यावर द्यावयाचे, हे तत्त्व तिने मान्य केले. परंतु तिच्या केंद्रस्थानी नाटककार होता. संगीत नाटकाला हेच तत्त्व लावावयाचे, तर साहाय्याचा घटक एकटा लेखक नसून कवी व संगीतदिग्दर्शक यांची जोडी हा मानावा लागेल.

अशा साहाय्याची तीन अंगे संभवतात. पहिले, तालमीच्या काळात नटांना व साथीदारांना मानधन. दुसरे, एक-दोन अंक तयार होताच त्यांचे निमंत्रितांपुढे गायन-वाचन. 'शाकुंतल' व 'सौभद्र' यांचा इतिहास याला पूर्वाधार आहे. तिसरे, पदाच्या प्रत्येक पाठाची शब्द व स्वरलिपी यांसह नोंद. हे तिसरे कार्य विद्यापीठातील भाषा आणि संगीत या विभागांना सहज करता येण्यासारखे आहे, आणि संशोधनाच्या दृष्टीनेही ते मोलाचे ठरेल. आज छापील संहितेत पदाचे अंतिम रूप तेवढे उरते. ते कोणत्या अडचणीतून तेथवर आले, हे कळण्यास मार्ग नसतो.

यावर एक आक्षेप संभवतो. निष्पत्तीची शाश्वती नसताना आधीच पैसा देणे योग्य काय? त्याचे उत्तर पूर्वेतिहासातच आहे. मंडळ्यांची सर्वच नाटके चालली नाहीत. न चाललेल्या नाटकांचा तोटा मंडळ्यांनी सोसला, म्हणून चाललेली नाटके आपल्यापर्यंत आली. अलीकडचे उदाहरणही उद्बोधक आहे. प्राजक्त देशमुख यांचे 'संगीत देवबाभळी' प्रथम एकांकिका होते; आनंद ओक यांच्या संगीतासह ते २०१७ मध्ये पूर्ण नाटक म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि रसिकांनी ते उचलून धरले. लहान रूपात कस लागून मग वाढण्याची संधी त्याला मिळाली. अशी संधी आज योगायोगावर अवलंबून आहे. ती व्यवस्थेचा भाग झाली नाही, तर संगीत नाटकाचे जतन तेवढे होत राहील आणि त्याची निर्मिती थांबेल. जे निर्माण होत नाही, त्याचे जतन करणारी पिढीही फार काळ टिकत नाही.