जुन्या इंजिनाला हवा देताना

पेट्रोल इंजिनाची ताकद पेट्रोलावर अवलंबून असते असे वरवर वाटले, तरी ती खरोखर ठरते सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावर. कारण पेट्रोल हा द्रव आहे आणि तो लागेल तितका सोडता येतो, हवेला मात्र झडपेच्या अरुंद फटीतून, पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या ओढीने, अगदी थोड्या वेळात आत यावे लागते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर हवा आत घेणाऱ्या पिस्टनच्या एका धावेला सेकंदाचा दोनशेवा भागच मिळतो. त्यातच एक किलो पेट्रोल पुरते जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि एका लिटर पेट्रोलाचे वजन पाऊण किलोच्या आसपास असल्याने दर लिटरमागे जवळपास ११ किलो, म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्याच्या विरळ हवेत मोजली तर दहा हजार लिटरहून अधिक हवा इंजिनाच्या पोटात जाते. जुन्या गाडीचा हवेचा मार्ग बदलून तिची ताकद वाढवण्याचा जो खटाटोप अनेक हौशी गाडीमालक करतात, त्याचा विचार या दोन आकड्यांपासूनच सुरू करावा लागतो. आणि ही हवा कोणत्या मुलखातली आहे, हा प्रश्न त्याच्या लगेच पुढचा आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे टेकड्या आणि जंगल यांनी वेढलेल्या जलाशयासाठी ओळखले जाणारे ठिकाण नागझिऱ्याच्या वनक्षेत्राला लागून आहे, आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाल्यापासून या भागातील जंगलवाटांवर पर्यटकांना नेणाऱ्या उघड्या जिप्सींची ये-जा वाढली आहे. मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस बाजारात आली आणि तिचे उत्पादन आता थांबले असले, तरी महाराष्ट्रातील व्याघ्र प्रकल्पांच्या मुरुमाच्या रस्त्यांवर ती अजूनही रोजच्या कामाची गाडी आहे. जुने इंजिन, कडक उन्हाळा, धूळ आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे रपटे या चारही गोष्टी तिच्या वाट्याला एकदमच येतात, त्यामुळे हवेच्या मार्गात केलेला बदल कोठे कामी येतो आणि कोठे अंगाशी येतो, हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या गाडीत क्वचितच दिसते.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. तापमान वाढले की हवा प्रसरण पावते, म्हणजे तेवढ्याच जागेत तिचे वजन कमी भरते. बाहेर ४५ अंश सेल्सिअस तापमान असताना बोनेटखाली कोंडलेली हवा ६५ अंशांवर असेल आणि इंजिन तीच ओढत असेल, तर सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचे वजन सुमारे ६ टक्क्यांनी घटते. ताकद मात्र त्याच प्रमाणात घटत नाही, ती ३ ते ४ टक्क्यांनीच कमी होते, कारण गरम हवेत पेट्रोलाची वाफ चांगली होते आणि आत शिरलेली हवा सिलिंडरच्या तापलेल्या भिंतींमुळे वाटेत आणखी तापण्याचे प्रमाणही कमी असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीमुळे हवेचा दाब तीन-साडेतीन टक्क्यांनी उतरलेला असतो, पण त्यावर साध्या इंजिनाकडे उपाय नाही. पावसाळ्यात दमट हवेतील वाफ तीन-चार टक्के जागा अडवते आणि तेवढा प्राणवायू कमी मिळतो. या तिन्ही घटांपैकी गाडीमालकाच्या हातात फक्त पहिली आहे, आणि म्हणूनच हवेचे तोंड रेडिएटर व एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर, बाहेरच्या हवेत आणून ठेवणे हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत समंजस बदल ठरतो. जुन्या गाड्यांमध्ये मूळ कारखान्याने दिलेला रबरी पाइप तडकलेला किंवा निघून गेलेला असतो आणि फिल्टरचा डबा बोनेटखालचीच गरम हवा ओढत राहतो. तो पाइप पुन्हा बसवला, तर बाजारातला कोणताही महाग भाग न घेता हरवलेली ताकद परत मिळते.

बाजारात विकला जाणारा लोकप्रिय बदल मात्र वेगळाच असतो. मूळचा बंद डबा काढून त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला जातो, इंजिनाचा आवाज भरदार होतो आणि गाडीचा पिकअप वाढल्याची खात्री चालवणाऱ्याला पटते. या समजुतीत दोन अडचणी आहेत. एक म्हणजे पेट्रोल गाडीत हवेला सर्वांत मोठा अडथळा फिल्टरचा नसून थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या चकतीसारख्या झडपेचा असतो. पाय अर्धाच दाबलेला असताना चालक स्वतःच हवा अडवून धरत असतो, तेव्हा फिल्टर मोकळा असला काय किंवा थोडा दाट असला काय, फरक जाणवण्यासारखा नसतो. दुसरी अडचण अशी की मूळ डब्यात आवाज दाबण्यासाठी पोकळ कप्पे ठेवलेले असतात, ते गेल्यावर हवेच्या स्पंदनांचा जो घोष बाहेर येतो, तो ताकदीचा पुरावा नव्हे, आणि उघडा शंकू बोनेटखाली बसवला असेल तर तो वर सांगितलेली गरम हवाच आत घेतो, म्हणजे आवाज वाढूनही ताकद घटलेली असू शकते.

फिल्टर खरोखर किती अडवतो हे मोजण्यासाठी प्रयोगशाळेची गरज पडत नाही. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात तसला पारदर्शक लेव्हल पाइप यू आकारात वाकवून त्यात रंगीत पाणी भरावे, त्याचे एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या नळीत हवाबंद बसवावे, दुसरे टोक मोकळे ठेवावे, आणि मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन वरच्या फेऱ्यांवर असताना शेजारी बसलेल्या माणसाने दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाचावा. १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १ टक्का अडथळा, म्हणजेच हा अडथळा पूर्णपणे नाहीसा करता आला तरी मिळणारी वाढ साधारण तेवढीच. फरक त्याहून बराच मोठा आला तर फिल्टर चोंदलेला आहे किंवा पाइप कोठेतरी दबला आहे, आणि तेथे नवा मूळचा फिल्टर हा पुरेसा इलाज असतो. अमेरिकेतील ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली घेतलेल्या चाचण्यांतही हेच दिसले होते: संगणकीय इंधन नियंत्रण असलेल्या गाड्यांमध्ये चोंदलेल्या फिल्टरने ॲव्हरेजवर लक्षणीय परिणाम झाला नाही, पिकअप मात्र मंदावला, जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ॲव्हरेजही काही टक्क्यांनी घसरले.

मग इंजिनात जास्त हवा भरण्याची खरी जागा कोणती, याचे उत्तर जिप्सीच्याच इतिहासात आहे. १९९० च्या दशकात तिला मिळालेले १,२९८ घनसेंटिमीटरचे कार्बोरेटर इंजिन सुमारे ६० अश्वशक्ती देत असे. २००० च्या सुमारास त्याच आकारमानाच्या इंजिनाला दर सिलिंडरमागे दोनऐवजी चार झडपा आणि प्रत्येक सिलिंडरपाशी पेट्रोलाचा फवारा सोडणारी एमपीएफआय पद्धत मिळाली, आणि ताकद सुमारे ८० अश्वशक्तीवर गेली. सिलिंडर एक मिलिमीटरही न वाढवता झालेली ही एक-तृतीयांश वाढ मुख्यतः हवेच्या मार्गातूनच आली, पण ती फिल्टरच्या टोकाला नव्हे, तर झडपांच्या टोकाला. दोन लहान झडपांची मिळून उघडणारी कड एका मोठ्या झडपेपेक्षा लांब भरते, त्यामुळे झडप थोडीशीच उचलली गेली तरी हवेला मोठी वाट मिळते. आणि पेट्रोल ओढण्यासाठी कार्बोरेटरमध्ये मुद्दाम ठेवलेली अरुंद मान एमपीएफआयमध्ये लागतच नाही. हे बदल कारखान्यातल्या रचनेचे आहेत, गॅरेजमध्ये पाइप बदलून ते होत नाहीत, ही गोष्ट जुन्या गाडीवर पैसा घालण्याआधी नीट समजून घेण्यासारखी आहे.

हवेच्या नळ्यांची लांबीही अशीच हिशेबाने ठरवलेली असते. झडप बंद होताच वेगात येणारी हवा तिच्यावर आदळते, दाबाची लाट आवाजाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५० मीटरने, मागे जाते आणि नळीच्या मोकळ्या टोकावरून परत येते. पुढच्या वेळी झडप उघडी असताना दाबाचा हा हेलकावा नेमका तेथे पोहोचला, तर तो थोडी जादा हवा आत ढकलतो. लांब नळी कमी फेऱ्यांवर आणि आखूड नळी जास्त फेऱ्यांवर हा लाभ देते. शर्यतीच्या गाडीसाठी नळ्या आखूड करणे योग्यच, पण जंगलवाटेवर दुसऱ्या गियरमध्ये दीड-दोन हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या गाडीला तसे करणे म्हणजे जेथे ताकद हवी तेथूनच ती काढून घेणे होय.

धुळीचा भाग सर्वांत गंभीर आहे, आणि तो या मुलखात भूगर्भाशी जोडलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक प्रदेश दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे, पण राज्याच्या पूर्व टोकाचा गोंदिया जिल्हा मुख्यतः त्या थरांच्या बाहेर, त्याहून कितीतरी प्राचीन अशा ग्रॅनाइट, नाइस आणि त्यांच्या सोबतच्या रूपांतरित खडकांवर वसलेला आहे. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचे खनिज, जवळजवळ नसते, तर या जुन्या खडकांच्या झिजेतून झालेल्या मातीत ते भरपूर असते. क्वार्ट्झची कठिणता मोहस् मापनात ७ आहे आणि ज्या बिडाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन फिरतो ते बीड त्याच्याहून नरम असते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनांचाच असल्याने डोळ्यांना न दिसणारे पाच ते वीस मायक्रॉनांचे कण नेमके त्यात अडकून दोन्ही पृष्ठभाग घासत राहतात. पुढे इंजिन ऑइल खाऊ लागते, दाब उतरतो, आणि बोअरिंगचे काम निघते.

साधा हिशेब करून पाहता येतो. पुढच्या गाडीने उडवलेल्या धुरळ्यात दर घनमीटर हवेत १०० मिलिग्रॅम धूळ आहे असे धरले, तर एक लिटर पेट्रोल जळेपर्यंत साधारण १ ग्रॅम धूळ फिल्टरपाशी येते. ९९ टक्के धूळ अडवणारा कागदी फिल्टर त्यातली १० मिलिग्रॅम आत सोडेल, आणि ९७ टक्के अडवणारा मोकळा फिल्टर ३० मिलिग्रॅम. दोन टक्क्यांचा फरक दिसायला क्षुल्लक, पण इंजिनाच्या वाट्याला येणारी धूळ तिप्पट. डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या शहरी गाडीत हा फरक खपून जाईल, बोदलकसाच्या वाटेवर खपणार नाही. पूर्वीच्या जीप आणि ट्रॅक्टर यांत ऑइल बाथ फिल्टर असे, ज्यात हवा तेलाच्या पृष्ठभागाजवळ आणून झटक्याने उलटी वळवली जाई आणि जड कण न वळता तेलात पडत. ओबडधोबड दिसणारी ही रचना धुळीच्या मुलखाचा विचार करूनच झालेली होती, आणि तिच्याबद्दल आदर वाटावा अशीच ती होती.

कागदी फिल्टरबाबत एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही: धुळीचा पातळ थर बसल्यावर तो कोरा असताना अडवतो त्यापेक्षाही बारीक कण अडवू लागतो. म्हणून दर आठवड्याला तो काढून पंपावरच्या हवेच्या नळीने जोरात फुंकणे हानिकारक असते, कारण त्या दाबाने कागदाचे तंतू फाटतात आणि छिद्रे मोठी होतात. याहून महत्त्वाची असते ती कडेची सील. फिल्टरनंतरच्या नळीत आतून पांढरे फडके फिरवावे. त्यावर तांबूस धुळीची रेघ उमटली, तर हवा फिल्टरमधून न जाता डब्याच्या सैल क्लिपेतून किंवा तडकलेल्या रबरातून आत येत आहे असे निश्चित समजावे.

कार्बोरेटरच्या गाड्यांत, म्हणजे कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी किंवा २००० पूर्वीची मारुती ८०० यांसारख्या गाड्यांत, हवेचा अडथळा बदलला की मिश्रणही बदलू शकते. कार्बोरेटरच्या पेट्रोलकुपीला बाहेरच्या हवेचा दाब मिळत असेल, तर फिल्टर चोंदल्यावर पेट्रोल जास्त ओढले जाते आणि फिल्टर फार मोकळा केला तर ते कमी पडते. कमी पेट्रोलाचे मिश्रण उन्हाळ्यात इंजिन तापवते. त्यामुळे अशा गाडीत फिल्टर बदलल्यानंतर जेटची पुन्हा जुळणी आणि प्रदूषण तपासणी ही कामाचाच भाग मानली पाहिजेत.

थंड हवेसाठी नळीचे तोंड बंपरखाली नेण्याचा मोह या भागात टाळलाच पाहिजे. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना ते तोंड बुडाले तर इंजिन पाणी ओढते, पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही, आणि वर येणारा पिस्टन अडून कनेक्टिंग रॉड वाकतो. तोंड बोनेटच्या उंचीवर, पण गरम भागापासून पत्र्याने वेगळे केलेले असावे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला आहे. एअर फिल्टर नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला नसतो. पण धूर आणि आवाज यांच्या मर्यादा जुन्या गाडीलाही लागू आहेत, आणि बंद डबा त्या दोन्ही मर्यादा पाळण्यासाठीच गाडीसोबत मंजूर झालेला असतो. व्याघ्र प्रकल्पात फिरणाऱ्या जिप्सीच्या बाबतीत तर उघड्या फिल्टरचा घोष पर्यटकांच्या आधी सांबर आणि रानकुत्र्यांपर्यंत पोहोचतो, त्यामुळे तेथे तो डबा मूळ जागी, चारही क्लिपा घट्ट लावलेला असणेच योग्य.