गेम फुकट, मग खात्यातले पैसे गेले कुठे?

मागच्या महिन्यात धाकटा भाऊ सकाळी सकाळीच घरी आला. हातात बँकेचं पासबुक. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल त्याच्या खात्यावर पडतं, पण पेंड आणायला गेला तर खात्यात पैसे कमी. पासबुक भरून आणलं तर ८० रुपये, १६० रुपये, परत ८०, एकदा ४००, असे बारीक बारीक तुकडे गेलेले. दोन महिन्यांत ३,८७० रुपये. पशुखाद्याच्या दोन गोण्या येऊन वर काही उरले असते.

भावाला वाटलं, कुणीतरी ऑनलाइन फसवलं. निघाला नववीतला पोरगा. मोबाईलवर एक गोळीबाराची गेम खेळतो, त्यात पैसे टाकले. आता भाऊ म्हणतो, "गेम तर फुकट आहे, मीच त्याला डाउनलोड करू दिली. मग पैसे कशाचे?" पोराला दोन फटके बसले होतेच. मी पोराला शेतात बरोबर घेतलं, मोटार चालू केली आणि बांधावर बसून म्हटलं, मला दाखव, पैसे नेमके कुठं जातात ते. पुढं जे लिहितोय ते निम्मं त्यानं शिकवलेलं आहे, निम्मं मी नंतर वाचून-विचारून घेतलं. पोरगं अभ्यासात बेताचं आहे, पण हा हिशोब त्याला तोंडपाठ होता.

पहिली गोष्ट. ही गेम फुकट आहे हे खरंच आहे, त्यात फसवणूक नाही. फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय, क्लॅश ऑफ क्लॅन्स, कँडी क्रश या सगळ्या गेम एक रुपया न देता वर्षानुवर्षं खेळता येतात, आणि बहुतेक जण तशाच खेळतात. कंपनीचा खर्च आणि नफा थोड्या लोकांकडून निघतो. २०१४ साली स्वर्व नावाच्या कंपनीनं मोबाईल गेमचा हिशोब काढला होता, त्यात गेममधून येणारा निम्मा पैसा हजारात जेमतेम दीड खेळाडूकडून येत होता. या मोठ्या खर्चिक माणसांना त्या धंद्यात 'व्हेल' म्हणजे देवमासा म्हणतात. मग बाकीचे फुकटे कशाला सांभाळायचे? कारण मैदानात माणसं नसतील तर देवमाशाला मिरवायला जागाच नाही. जत्रेत गर्दी फुकट असते, पण गर्दी नसेल तर पाळणेवाला पण येत नाही.

आता पोरगं पैसे कशावर टाकतं? बहुतेक वेळा कपड्यांवर. म्हणजे गेममधल्या माणसाचा ड्रेस, बंदुकीचा रंग, जिंकल्यावर नाचायची एखादी तऱ्हा. याला ती 'स्किन', 'बंडल', 'इमोट' म्हणतात. बीजीएमआयमध्ये बंदुकीवर कितीही भारी स्किन लावा, गोळी तेवढीच लागते. फ्री फायरमध्ये मात्र काही बंदुकींच्या स्किनमुळे मारा किंवा वेग थोडा वाढतो, म्हणजे तिथं पैशाला जोर पण आहे. पण पुतण्यानं घेतलेला लाल कोट नुसता दिसायला होता.

हे ऐकून तुम्ही हसाल. मी पण हसलो. मग आठवलं, पोळ्याला आपण काय करतो? शिंगांना रंग, बेगड, नवी झूल, गळ्यात घुंगरमाळा, कपाळाला बाशिंग. बैलाची ताकद त्यानं वाढते का? नांगर खोल जातो का? नाही. पण वेशीत सगळ्या गावाच्या बैलांत आपली जोडी उभी राहते, तेव्हा जुनी फाटकी झूल घालून नेणं जिवावर येतं. ज्याला परवडत नाही तोही उसनवारी करून झूल आणतो. पोराची वेस मोबाईलमध्ये आहे एवढाच फरक. तिथं संध्याकाळी त्याचे वर्गातले चार मित्र जमतात, आणि साध्या कपड्यातल्याला 'नूब' म्हणजे नवखा, अडाणी म्हणतात. "तात्या, तुम्हाला नाही कळायचं, सगळे हसतात," हे पोराचं वाक्य. मला तर नीटच कळलं.

बापाला वाटतं पोरगं मूर्ख आहे. ते मूर्ख नाही. त्याला मित्रांत मान पाहिजे, आणि त्या मानाला कुणीतरी भाव लावून ठेवलाय.

आता भाव कसा लावतात ते बघा. गेममध्ये रुपये चालत नाहीत. फ्री फायरमध्ये 'डायमंड' चालतात, बीजीएमआयमध्ये 'यूसी', क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये 'जेम'. आधी रुपये देऊन डायमंड घ्यायचे, मग डायमंड देऊन वस्तू. एकदा डायमंड झाले की हात सैल सुटतो. कोट ४०० रुपयांचा म्हटला तर पोरगं दोनदा विचार करील, ५०० डायमंडचा म्हटला की तो खेळातला आकडा वाटतो.

शिवाय जुडीचा आकडा आणि वस्तूचा आकडा कधी जुळत नाही. फ्री फायरमध्ये डायमंडच्या जुड्या १००, ३१०, ५२०, १०६० अशा मिळत आल्या. आलोक नावाचं एक पात्र त्यात फार चाललं, त्याची किंमत बरीच वर्षं ५९९ डायमंड होती. ५२० घेतले तर कमी पडतात. वर आणखी १०० घ्यायचे, मग २१ उरतात. उरलेल्या २१ मध्ये काही येत नाही, पण ते खात्यात दिसत राहतात, आणि थोडे टाकले की पुढचं काहीतरी येईल असं वाटत राहतं. युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणारे दुकानदार आपण बघितलेत, त्याला लिंकिंग म्हणतात. इथं लिंकिंग आकड्यातच बसवलेलं आहे.

पण सगळ्यात जास्त पैसा जातो तो चक्रावर. पुतण्याचा पण तिथंच गेला.

फ्री फायरमधलं 'फेडेड व्हील' घ्या. चाकावर दहा वस्तू असतात. एक भारी, बाकीच्या किरकोळ. आधी तुम्हाला नको असलेल्या दोन काढून टाकायला सांगतात, म्हणजे आपण हुशारीनं खेळतोय असं वाटतं. राहिल्या आठ. निघालेली वस्तू परत निघत नाही, म्हणजे आठ वेळा चाक फिरवलं तर भारी वस्तू मिळणारच. इथपर्यंत व्यवहार सरळ दिसतो. पण पहिल्यांदा फिरवायला ९ डायमंड लागतात, दुसऱ्यांदा १९, मग ३९, ६९, ९९, असं चढत चढत शेवटच्या वेळी ४९९. पूर्ण चाक फिरवलं तर एक हजाराच्या वर डायमंड जातात. आणि भारी वस्तू निघायची शक्यता बाकीच्यांइतकी ठेवलेली नसते, ती कमी असते, म्हणून बहुतेकांना वरच्या पायऱ्यांपर्यंत चढावंच लागतं.

ज्यानं बोअर मारलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. ३०० फूट गेलं, नुसती धूळ. गाडीवाला म्हणतो, अजून पन्नास फूट घेऊ, खाली ओल लागतेय. खाली जाल तसा फुटाचा दर पण वाढतो. आणि आपण थांबत नाही, कारण आता थांबलो तर वरचे ३०० फूट वाया गेले असं वाटतं. खरं म्हणजे ते पैसे गेलेलेच असतात, थांबा नाहीतर चालू ठेवा. मी स्वतः २०१६ साली असाच ५२० फुटांपर्यंत गेलो आणि कोरडा बोअर झाकून घरी आलो. त्यामुळं पोरगं पाचव्या फिरकीवर का थांबलं नाही, हे त्याला विचारायचा मला फारसा अधिकार नाही. त्याच्या वेळी तर 'फक्त २ दिवस बाकी' असं घड्याळ पण वर चालू होतं.

ते घड्याळ सगळीकडे असतं. वस्तू थोड्या दिवसांसाठी येते, मग जाते, परत येईल का सांगत नाहीत. बीजीएमआयमध्ये 'रॉयल पास' आणि फ्री फायरमध्ये 'बुयाह पास' असतो, त्यात पैसे भरले तरी बक्षीस लगेच हातात पडत नाही. रोज खेळून पायऱ्या चढाव्या लागतात. मुदतीत चढला नाहीत तर भरलेले पैसे वाया. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री पण पोरगं मोबाईल सोडत नाही. आपण म्हणतो व्यसन. त्याच्या डोक्यात चालू असतं, भरलेत तर वसूल करू.

बायामाणसांच्या आणि मोठ्यांच्या मोबाईलवर वेगळी तऱ्हा आहे. कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात, संपले की एक जीव परत यायला अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे टाका. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये वरच्या पातळीला गेलं की एक इमारत बांधायला कित्येक दिवस लागतात, जेम टाकले की लगेच तयार. म्हणजे आधी अडवायचं आणि मग वाट सोडायचे पैसे घ्यायचे. टोलनाकाच म्हणा.

गावात एक प्रश्न सारखा येतो, सरकारनं हे बंद केलं ना? दोन गोष्टींची गल्लत होते. फ्री फायर ही गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रानं बंदी घातलेल्या ५४ ॲपमध्ये होती, पण फ्री फायर मॅक्स चालू राहिली. पबजी सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाली, तिच्या जागी बीजीएमआय आली, तीही २०२२ मध्ये काढली गेली आणि २०२३ मध्ये परत आली. दुसरं म्हणजे, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर, म्हणजे रमीसारख्या. आपल्या पोरांच्या गेममध्ये पैसे जातात पण पैसे परत मिळायची आशा नसते, म्हणून त्या तिकडं मोडत नाहीत. मला विचाराल तर त्या चक्राचा आणि जत्रेतल्या रिंग टाकायच्या खेळाचा बाप एकच आहे. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं. अमेरिकेत फोर्टनाइट गेमच्या कंपनीला २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलर मोजायचं कबूल करावं लागलं. त्यातले साडेचोवीस कोटी डॉलर खेळणाऱ्यांना परत द्यायचे होते, कारण बटणं अशी ठेवली होती की नकळत खरेदी व्हायची.

आता कामाचं. पोरानं पैसे टाकले कसे? भावाचा यूपीआय पिन त्याला माहीत होता. कसा? भावानंच सांगितला, कारण पेंडीच्या दुकानात पैसे पाठवायला पोरालाच लावायचा. गावात निम्म्या घरांत हीच तऱ्हा आहे, बापाचा पिन पोराला पाठ. आधी तो बदला आणि स्वतः टाकायला शिका, चष्मा लावून शिका पण शिका. पोरं दुसरी वाट पण काढतात. मोबाईलच्या दुकानातून किंवा मित्राच्या ॲपवरून गुगल प्लेचा रिडीम कोड घ्यायचा, म्हणजे बापाच्या खात्यात गेमचं नाव दिसत नाही. वहीला पैसे मागितले आणि वही दिसली नाही, तर चौकशी करा.

मोबाईलमध्ये प्ले स्टोअर उघडा, वर उजव्या कोपऱ्यात गोल चिन्ह असतं त्यावर दाबा. 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' मध्ये 'बजेट अँड हिस्ट्री' आहे, तिथं प्ले स्टोअरमधून झालेली खरेदी तारखेसह दिसते. महिन्याला बजेट पण लावता येतं. पण ते नुसती आठवण देतं, पैसे अडवत नाही. अडवायचं तर सेटिंगमध्ये खरेदीच्या वेळी पासवर्ड मागायची सोय आहे, ती प्रत्येक खरेदीला चालू करा. पोरानं न विचारता खरेदी केली असेल तर ४८ तासांच्या आत गुगलकडे पैसे परत मागता येतात. मिळतीलच असं नाही. आमच्या भावाला दोन महिन्यांनी कळलं, त्यामुळं त्याच्या हातात काही आलं नाही.

आणि एक. यूट्यूब, टेलिग्रामवर 'फुकट डायमंड', 'निम्म्या किमतीत यूसी' असं सांगणारे भेटतात. ते आयडी-पासवर्ड मागतात, ओटीपी मागतात, नाहीतर आधी पैसे पाठवायला लावतात. ही मात्र सरळ सरळ लूट आहे. तिथं पैसे गेले तर पोराला मारत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

भावाच्या पोराचं सध्या असं ठरलंय की सुट्टीच्या दिवशी गोठा झाडायचा, त्याचे महिन्याला शंभर रुपये. गेमात टाकायचे का कुठं, ते त्यानं ठरवायचं, पण ते शंभर संपले की विषय संपला. पहिल्या महिन्यात त्यानं लगेच टाकले. दुसऱ्या महिन्याचे अजून त्याच्याकडेच आहेत. लाल कोटाचं विचारलं तर म्हणाला, "तो आता कुणी घालत नाही तात्या, नवा आलाय."