पास झालेल्यांचा पेपर

दहावी होऊन मला 41 वर्षं झाली. नोकरी झाली, मुलं मोठी झाली, चष्म्याचा नंबर चारदा बदलला. तरी वर्षातून दोन-तीनदा, बहुतेक पहाटे, मी बीजगणिताच्या पेपरला उशिरा पोचते. फळ्यावर लावलेल्या यादीत माझा नंबर सापडत नाही. सापडतो तेव्हा माझ्या बाकावर दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं. हॉल तिकीट घरी राहिलेलं असतं. कसाबसा पेपर हातात येतो आणि ध्यानात येतं, की हा विषय आपण वर्षभर उघडलेलाच नाही. शेजारची मुलगी तिसरी पुरवणी मागते. सुपरव्हायझर तिला पुरवणी देतात, बांधायला दोरा देतात आणि माझ्या कोऱ्या उत्तरपत्रिकेवर एक नजर टाकून पुढे जातात. घंटा होते. जाग येते तेव्हा छाती धडधडत असते. मग हळूहळू आठवतं, की अरे, आपण पास झालोय! कधीच!

खरं तर बीजगणितात मला उत्तम मार्क होते. त्या मार्चमध्ये तीन तास दादा शाळेच्या फाटकासमोर रसवंतीच्या सावलीत उभे होते आणि मी हसत बाहेर आले होते. अकरावीत मात्र फिजिक्सने मला खरोखर दणका दिला, मार्कांखाली लाल रेघ आली. तो पेपर आजवर एकदाही स्वप्नात आलेला नाही.

ओळखीपाळखीत विचारत गेले तसं कळलं, की हा पेपर जवळजवळ सगळ्यांनाच पडतो, फक्त विषय बदलतो. बँकेतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांची कॅश अजून टॅली होत नाही. एका शिक्षिकेला वर्ग सापडत नाही. हौशी रंगभूमीवरच्या एका मित्राची तिसरी घंटा होते, पडदा वर जातो आणि आज नाटक कुठलं आहे तेच त्याला आठवत नाही.

फ्रॉइडचा नापास विषय

सिग्मंड फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ 1899च्या नोव्हेंबरात बाजारात आला. प्रकाशकाने त्यावर साल छापलं 1900. पहिल्या आवृत्तीच्या 600 प्रती खपायला आठ वर्षं लागली. लोकांना त्यातली दडपलेल्या इच्छांची आणि लैंगिक प्रतीकांची चर्चा तेवढी ठाऊक असते. पण परीक्षेच्या स्वप्नाबद्दलचा एक छोटा भागही त्यात आहे, आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटतो.

डॉक्टरकीच्या परीक्षेत फ्रॉइड न्यायवैद्यकशास्त्रात नापास झाला होता. तो विषय त्याच्या स्वप्नात कधी आला नाही. यायचे ते वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, म्हणजे तो पास झालेले विषय. असली स्वप्नं पास झालेल्यांनाच पडतात, हे त्याच्या एका अनुभवी सहकाऱ्याने हेरलं होतं. फ्रॉइडने त्याचा अर्थ असा लावला : उद्या काहीतरी जबाबदारीचं काम आहे, जमेल की नाही अशी धाकधूक आहे, तेव्हा मन जुनी परीक्षा उकरून काढतं. जणू ते सांगत असतं, की तेव्हाही अशीच गाळण उडाली होती तुझी, आणि शेवटी झालं काय?

प्रत्येक स्वप्न म्हणजे पुरी झालेली इच्छा, हा फ्रॉइडचा सिद्धांत आज फारसं कुणी जसाच्या तसा मानत नाही. परीक्षेच्या स्वप्नाबद्दलचं त्याचं निरीक्षण मात्र अजून विचार करायला लावतं. 2014मध्ये पॅरिसमधल्या निद्रातज्ज्ञ इझाबेल आर्नुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी चुरशीची परीक्षा दिलेल्या 719 विद्यार्थ्यांची माहिती प्रसिद्ध केली. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यातल्या 60 टक्के विद्यार्थ्यांना परीक्षेचंच स्वप्न पडलं होतं. त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त स्वप्नं वाईट होती : उशीर झाला, उत्तर आठवेना. आणि गंमत अशी, की ज्यांना ही स्वप्नं पडली त्यांचे मार्क इतरांपेक्षा थोडे बरे होते. स्वप्नामुळे मार्क वाढले असं यावरून म्हणता येत नाही. ज्याने परीक्षा जिवाला लावून घेतली, त्याने अभ्यासही केला आणि त्यालाच स्वप्नही पडलं, असंही असेल. पण स्वप्नात नापास झालं म्हणून सकाळी हातपाय गाळायचं कारण नाही, एवढं नक्की.

पहाटेचं स्वप्न खरं होतं?

माझी आजी म्हणायची, पहाटेचं स्वप्न खरं होतं, म्हणून ते सांगू नये. यातल्या पहाटेला शास्त्रात आधार आहे.

शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला आणि डोळ्यांभोवती तारा लावून त्याची झोप रात्रभर कागदावर उतरवली. मुलगा गाढ झोपलेला असताना मध्येच त्याचे डोळे पापण्यांखाली झपाझप हलू लागले. यंत्रच बिघडलं असावं, अशी आधी शंका आली. यंत्र ठीक होतं. 1953मध्ये त्याने आणि त्याचे मार्गदर्शक नथानिएल क्लाइटमन यांनी हे जाहीर केलं. अशा वेळी उठवलं तर माणसं बहुतेकदा स्वप्न सांगत. झोपेच्या या अवस्थेला त्या हलणाऱ्या डोळ्यांवरूनच 'रेम' हे नाव पडलं. स्वप्नं झोपेच्या इतर टप्प्यांतही पडतात, पण लांबलचक, रंगीबेरंगी आणि भावनांनी भरलेली बहुतेक इथलीच.

साधारण दर दीड तासाने ही अवस्था येते. रात्रीची पहिली खेप काही मिनिटांचीच असते, पहाटेची शेवटची मात्र अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त चालते. पहाटे जाग आली, की आपण थेट स्वप्नातूनच उठतो, म्हणून ते लख्ख आठवतं. मध्यरात्रीची स्वप्नं विरून गेलेली असतात. आठवणाऱ्या स्वप्नांपैकीच एखादं पुढे खरं ठरणार आणि तेच आपण चारचौघांत सांगणार. आजीचं निरीक्षण बरोबर होतं, अनुमान तेवढं घाईचं होतं.

या अवस्थेत मेंदूतले भावनांशी निगडित भाग, विशेषतः अमिग्डाला, जोरात चालू असतात, तर तर्क आणि तपासणी करणारा कपाळामागचा भाग मंदावलेला असतो. म्हणून एकेचाळीस वर्षांनी परत दहावीला का बसलोय, हा साधा प्रश्नही स्वप्नात पडत नाही. मानेखालचे बहुतेक स्नायू तर सैल पडलेले असतात. फ्रान्समधल्या लियोंमध्ये मिशेल जूव्हे यांनी हे मांजरांवर दाखवलं. झोपेतल्या हालचालींना लगाम घालणारा मेंदूतला भाग निकामी केल्यावर मांजरं झोपेतच शिकारीचा पवित्रा घेऊन उठत. आपण स्वप्नात धावतो तेव्हा अंथरुणातच राहतो, ते या लगामामुळे.

स्वप्न खरं होतं का, या प्रश्नाकडे परत येऊ. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत : पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मागितलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि दोषांतून, म्हणजे शरीराच्या बिघाडातून, उपजलेलं. पहिले पाच प्रकार निष्फळ समजावेत, असं तिथे वैद्याला बजावलं आहे. दिवसाची स्वप्नं, फार छोटी आणि फार लांब स्वप्नंही बाजूला काढली आहेत. रात्रीच्या पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाला फळ थोडंच असतं, असंही म्हटलं आहे. भविष्य सांगणारं स्वप्न चरकाने नाकारलं नाही, पण त्याआधी एवढ्या चाळण्या लावल्या, की आपल्या रोजच्या स्वप्नांतली बरीचशी वरच अडकावीत.

पाठलाग, पडणं, पडलेले दात

2003मध्ये कॅनडातल्या 1181 विद्यार्थ्यांना स्वप्नांची एक यादी देऊन, यातलं काय काय पडलंय, असं विचारण्यात आलं. कुणीतरी मागे लागलंय, हे दर पाचांतल्या चौघांना कधी ना कधी पडलेलं होतं. उंचावरून पडणं आणि शाळा-अभ्यास हीसुद्धा यादीत वरच होती. त्याच्या खूप आधी, 1958मध्ये, अमेरिकन आणि जपानी विद्यार्थ्यांची अशीच तुलना झाली होती आणि दोन्हीकडच्या स्वप्नांत बरंच साम्य आढळलं होतं.

पाठलाग एवढा सार्वत्रिक का? फिनलंडचे अँटी रेवोन्सुओ यांनी 2000मध्ये मांडलं, की स्वप्न ही धोक्याची रंगीत तालीम असावी. जंगलात राहणाऱ्या पूर्वजांना रात्री पळण्याचा सराव मिळाला तर दिवसा जीव वाचण्याची शक्यता वाढत असेल. कल्पना भुरळ घालते, पण स्वप्नात आपण क्वचितच सुटतो, बहुधा पकडले जाण्याआधीच जाग येते. ही कसली तालीम, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आहे.

डोळा लागता लागता पडल्यासारखं होऊन अंग दचकतं, तो स्नायूंचा झटका असतो. बहुतेक सगळ्यांनाच कधीतरी येतो आणि त्यात काही अशुभ नसतं.

दात पडण्याच्या स्वप्नाला आपल्याकडे मोठी दहशत आहे : घरातलं कुणीतरी जाणार. 2018मध्ये इस्राएलमधल्या दोन संशोधकांनी 210 जणांना स्वप्नांबद्दल, मनावरच्या ताणाबद्दल आणि सकाळी दात-हिरड्यांत जाणवणाऱ्या त्रासाबद्दल विचारलं. दातांच्या स्वप्नांचा संबंध मनाच्या ताणाशी आढळला नाही, सकाळच्या त्या त्रासाशी आढळला. हे स्वप्न वारंवार पडत असेल तर ज्योतिषाआधी दातांच्या डॉक्टरला विचारावं, एवढा बोध त्यातून नक्की घेता येतो.

आणि गेलेली माणसं? आपल्याकडे जिवंत माणूस स्वप्नात मेला तर त्याचं आयुष्य वाढलं म्हणतात. आजारी माणसाला त्याची आई दिसू लागली, की 'न्यायला आली' असं दबक्या आवाजात बोलतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोमधल्या एका हॉस्पिसमध्ये डॉ. क्रिस्टोफर केर आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या दिवसांतल्या 59 रुग्णांना रोज त्यांची स्वप्नं विचारली. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहातल्या जवळजवळ नऊ जणांना स्वप्नं किंवा दृश्यं अनुभवास आली होती. मरण जवळ येईल तशी मृत आप्तांची स्वप्नं वाढत गेली, आणि सर्वांत जास्त दिलासा दिला तो त्यांनीच. घरातली माणसं घाबरून रडत होती तेव्हा अंथरुणावरचं माणूस कदाचित शांत होत होतं.

मनी वसे

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' असं आपण सहज म्हणून जातो. अमेरिकेत कॅल्व्हिन हॉल यांनी हजारो साध्यासुध्या माणसांची स्वप्नं जमवून, त्यात माणसं कोण, जागा कुठली, भावना कुठली याची मोजदाद केली. त्यांचा निष्कर्ष या म्हणीच्या फार जवळचा निघाला : जागेपणीच्या काळज्या आणि नाती हेच स्वप्नांचं भांडवल. पण मनात वसतं ते नेमकं काय? वस्तू, घटना की भाव?

हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी 2000मध्ये काही लोकांना तासन् तास 'टेट्रिस' हा व्हिडिओ गेम खेळायला लावला. झोप लागता लागता अनेकांना वरून पडणारे ठोकळे दिसले. त्यात स्मृतिभ्रंश झालेले काही रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो, हेही त्यांना आठवत नव्हतं, तरी ठोकळे त्यांच्यातल्या काहींनाही दिसले. घटना पुसली गेली होती, तिचा ठसा राहिला होता.

म्हणून साप दिसला तर धन आणि पाणी दिसलं तर संकट, असे स्वप्नांचे कोश मला पटत नाहीत. गवताच्या गंजीत हात घालणाऱ्या शेतकऱ्याचा साप आणि नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढणाऱ्या बाईचा साप एक कसा असेल? अर्थ सापाला चिकटलेला नसतो. तो बघताना पोटात काय झालं आणि जागेपणी हल्ली तसंच पोटात कशाने होतं, इथे तो शोधायचा.

काही वेळा मात्र शोध पुरत नाही, मदत लागते. एकच दुःस्वप्न पुन्हा पुन्हा छळत असेल, तर ते जागेपणी लिहून काढायचं, त्याचा शेवट हवा तसा बदलायचा आणि बदललेलं स्वप्न रोज काही मिनिटं मनात घोळवायचं, अशी एक उपचारपद्धत आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांची दुःस्वप्नं तिने कमी झाल्याचं बॅरी क्राकाव यांच्या 2001च्या अभ्यासात दिसलं. आणि पन्नाशी-साठीनंतर कुणी झोपेत खरोखरच लाथा-बुक्क्या मारू लागलं, ओरडू लागलं, तर हसण्यावारी न नेता मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं. तो जूव्हेंच्या मांजरांचा सुटलेला लगाम असू शकतो, आणि काही जणांत पुढे येणाऱ्या पार्किन्सनची ती आगाऊ सूचना असते.

मी स्वतः एक साधी गोष्ट केली. पेपर पडला, की सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे लिहिते तिथेच, बारीकसा 'पे' लिहायचा. तीन वर्षांत आठ 'पे' जमले. एक शाखेचा चार्ज घेण्याच्या आदल्या रात्रीचा. एक मुलीच्या परदेशी विमानाच्या आधीचा. एक दादांच्या बायपासच्या आधीचा. फ्रॉइड म्हणाला होता तसंच, दर वेळी उद्याला काहीतरी होतं. त्याने देऊ केलेला धीरही बहुतेक वेळा खरा ठरला. पण दादा ऑपरेशन थिएटरमधून परत आले नाहीत. सगळेच पेपर सुटत नाहीत, आणि हे त्या स्वप्नालाही ठाऊक नसतं.

गेल्या भाद्रपदात परत पेपर पडला. तोच वर्ग, तोच दोरा, तीच कोरी उत्तरपत्रिका. या वेळी मी खिडकीतून बाहेर बघितलं. रसवंतीच्या सावलीत दादा उभे होते, हातात छत्री. पेपर कसा गेला, असं त्यांनी तिथूनच हाताने विचारलं. घंटा झाली आणि जाग आली. छाती धडधडत नव्हती. मी उठून कॅलेंडरपाशी गेले. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे काय होतं, ते बराच वेळ आठवून बघितलं. काहीच नव्हतं. 'पे' लिहिला, शेजारी दुधाचा खाडा लिहिला आणि चहा ठेवला.